कोणती रेघ बुजवावी, कोणती राखावी

मिग-21 एमएफ या लढाऊ विमानाचे 1:48 प्रमाणातील मॉडेल मी गेल्या आठवड्यात पूर्ण केले. सात महिने ते माझ्या टेबलावर होते आणि त्यातला बराच काळ जोडण्यात किंवा रंगवण्यात नव्हे, तर मूळ विमानाची छायाचित्रे निरखण्यात गेला. या विमानाच्या पहिल्या नमुन्याने 1955 मध्ये उड्डाण केले आणि पुढे 10 हजारांहून अधिक विमाने तयार झाली, त्यामुळे छायाचित्रांची वाण नाही. मात्र एका प्रकाराचे छायाचित्र पाहून दुसऱ्या प्रकारावर तपशील चढवण्याची चूक इथे फार सहज होते. सुरुवातीच्या एफ-13 या प्रकारात कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचे पारदर्शक झाकण, पुढच्या बिजागरीवर उघडत असे आणि वैमानिक आसनासह बाहेर फेकला गेला की वाऱ्याच्या माऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून तीच कॅनॉपी ढालीसारखी आसनासोबत जात असे. एमएफची कॅनॉपी उजवीकडे कलते आणि त्या विमानाचे आसनही वेगळे आहे. पिटो ट्यूब, म्हणजे वेग मोजण्यासाठी नाकाशी पुढे आलेली बारीक नळीही एफ-13 मध्ये हवा आत घेणाऱ्या तोंडाखाली, तर एमएफमध्ये वर आणि किंचित उजवीकडे सरकलेली असते.

कॉकपिटचा निळसर हिरवा रंग जुळवण्यासाठी मी चार वेळा मिश्रण केले. नुसता हिरवा घातला की तो मळकट दिसतो, नुसता निळा घातला की खेळण्यासारखा. उपकरणांच्या फलकावर मधोमध एक पांढरी उभी पट्टी असते. विमान गरगरत खाली येऊ लागले तर दांडा कोणत्या दिशेने पुढे ढकलायचा हे वैमानिकाला घाबरलेल्या अवस्थेतही दिसावे, यासाठी ती रंगवलेली असते. ही गोष्ट समजल्यावर मी ती पट्टी डेकलने (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पातळ चित्राने) न चिकटवता मास्किंग टेप लावून रंगवली, कारण मूळ विमानातही ती रंगाचीच आहे आणि तिच्या कडा फलकावरच्या उंचसखल भागांवरून सरळ गेल्या पाहिजेत. आसनाचे पट्टे मात्र मी किटमधल्या प्लॅस्टिकच्या जागी पातळ शिशाच्या पत्र्यातून कापून केले. पत्रा वाकवला की पडलेल्या कापडासारखी घडी पडते, ती प्लॅस्टिकला साधत नाही.

नाकातले वजन विसरू नये. नाहीतर हे मॉडेल शेपटीवर बसते. मी धड आणि पंख टेपने तात्पुरते जोडून मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलून पाहिले आणि नाकाच्या शंकूत शिशाचे तुकडे गोंदाने पक्के केले.

खरा कस लागला तो धड जोडताना. किटचे धड उभ्या दोन अर्ध्या भागांत येते, म्हणून पाठीवर आणि पोटावर नाकापासून शेपटीपर्यंत एक सांधा उरतो, जो मूळ विमानात कुठेच नाही. याउलट पंखांच्या मागे धडाला वेढणारी एक आडवी रेघ खरी आहे, कारण इंजिन काढण्यासाठी मिग-21 चा मागचा भाग तिथून संपूर्ण वेगळा होतो. पहिली रेघ समूळ नाहीशी व्हायला हवी आणि दुसरी इतर सर्व रेघांपेक्षा ठसठशीत राहायला हवी. मी पाठीवरचा सांधा पुट्टीने भरला, पॉलिश पेपरने घासला आणि उजेडात धरून पाहिला, तेव्हा तो निर्दोष वाटला. धातूच्या रंगाचा पहिला थर बसताच तो पुन्हा स्पष्ट उमटला, कारण चंदेरी रंग प्रकाश परावर्तित करतो आणि नखालाही न जाणवणारा खळगा डोळ्यांना दाखवतो. सगळा रंग काढून मी सांधा नव्याने भरला, या वेळी सायनोॲक्रिलेट गोंदाने (सुपरग्लूने), कारण पुट्टी सुकताना आकसते आणि हा गोंद फारसा आकसत नाही. तो पूर्ण कडक होण्याआधीच घासून घ्यावा लागतो, नाहीतर भोवतालचे मऊ प्लॅस्टिक आधी झिजते. घासताना पुसट झालेल्या पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या कोरीव रेघा, मला जाड टेपच्या कडेने सुई फिरवून पुन्हा कोराव्या लागल्या. तीन संध्याकाळी त्यातच गेल्या आणि त्या मला वाया गेल्यासारख्या वाटल्या नाहीत.

तपशील किती घालावा, याचा निर्णय मी गणितावर सोडतो. 1:48 मध्ये एक मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक म्हणजे मूळ विमानात जवळजवळ पाच सेंटीमीटर जाडीचा पत्रा. म्हणून चाकांच्या झडपांच्या कडा मी आतून तासून पातळ केल्या. पाव मिलिमीटर रुंद पॅनेल लाइन म्हणजे 12 मिलिमीटरची फट, जी उडणाऱ्या विमानाला कधीच नसते. म्हणून अशा रेघांमध्ये काळा वॉश (खूप पातळ केलेला रंग) भरून त्या अधिक उठावदार करण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती मला पटत नाही. मी धातूच्या छटेपेक्षा जेमतेम गडद असा करडा रंग वापरतो. उलट ब्रेकच्या नळ्यांसाठी 0.3 मिलिमीटरची तांब्याची तार प्रमाणात बरोबर बसते. या विमानाची मुख्य चाके आत जाताना वळतात आणि धडात जवळजवळ उभी राहतात, त्यामुळे त्यांचे कप्पे खोल आहेत. तिथे नळ्या घालण्याचे कष्ट सार्थकी लागतात.

धातूच्या रंगाखाली मी चकचकीत काळा थर दिला आणि तो दोन दिवस वाळू दिला. त्यावर एअरब्रशने अतिशय पातळ थर मारत गेलो. सगळे विमान एकाच चंदेरी छटेत रंगवले की ते भांड्यासारखे दिसते. प्रत्यक्षात पत्र्यांची झळाळी जागोजागी निराळी असते, आणि मागच्या टोकाला उष्णतेने धातू पिवळसर, तपकिरी आणि निळसर होत जातो. त्या छटा मी पारदर्शक रंगांनी दिल्या, प्रत्येक थर इतका विरळ की पहिले दोन थर दिसलेही नाहीत. नाकाचा शंकू आणि शेपटीचे टोक हिरवे आहे, कारण तिथे रडार आणि अँटेना असल्याने धातू चालत नाही. चाकांच्या तबकड्याही हिरव्याच, पण त्यांचा हिरवा अधिक उजळ. डेकल गुळगुळीत पृष्ठभागावरच लावले, म्हणजे त्यांच्या खाली हवा अडकून पांढुरका डाग पडत नाही.

कॅनॉपी पांढऱ्या लाकडी गोंदाने चिकटवली, कारण सायनोॲक्रिलेटच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक धुरकट होते. ती मी उघडी ठेवली आहे. पिटो ट्यूब सर्वांत शेवटी बसवली. किटमधली जाड आणि ठिसूळ होती, म्हणून पितळी नळीची केली आणि तिचे टोक विमानाच्या मध्यरेषेशी समांतर आहे की नाही, हे गोंद सुकेपर्यंत वरून आणि बाजूने तपासत राहिलो.