सूड कसला?

"तुमचा मोती सूड घेतो हो, तुम्ही गेलात की दार ओरबाडतो," शेजारच्या काकू आज लिफ्टमध्ये म्हणाल्या.

सूड! अहो, कुत्रा आहे तो, एकटं राहायला घाबरतो. चावी वाजली, मी बूट घातले की लगेच धापा, लाळ, येरझाऱ्या सुरू, आणि दार लागल्यावर पहिला अर्धा तास सगळ्यात वाईट. यात ओरडलं, फटका मारला तर भीती अजूनच वाढते.

म्हणून त्याला सवय व्हावी यासाठी हल्ली मी उगाच चावी उचलते नि परत सोफ्यावर बसते, कधी बाहेर जाऊन पाच-दहा सेकंदांत आत, मग हळूहळू वेळ वाढवायचा पण तो घाबरायच्या आत यायचं. घरचे हसतात, हसू देत.

लॉकडाऊनमध्ये हौसेने आणलेली कितीतरी पिल्लं नंतर दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी पडली असतील. ऑफिसं परत सुरू झाली हे त्यांना कोणी सांगितलं असेल?