गुहागरच्या आगरातलं लग्न: जागा, वारा, भरती आणि तीन पंगती

गुहागर गाव म्हणजे दक्षिणोत्तर पसरलेला एक लांबट रस्ता. दोन्ही अंगांना घरं, पश्चिमेच्या घरांमागे नारळी-पोफळीची आगरं, आगर संपलं की सुरूचं बन आणि त्यापुढे समुद्र. मित्राचं लग्न झालं ती जागा अशाच एका पश्चिमेकडच्या आगरात आहे. रस्त्याला लागून जुनं कौलारू घर, त्याला जोडून नंतर बांधलेला हॉल, मागे नारळांच्या मधली मोकळी जागा, आणि मागचं बेडं, म्हणजे फाटक, उघडलं की पाच मिनिटांत पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. पाहुणे २५० होते आणि तेवढ्यांना जागा नेमकी पुरली. ३५० ला पुरेल असं मालक सांगतात, पण त्यांचं ऐकू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळचा मुहूर्त आणि २५० च्या आत माणसं, एवढं जमत असेल तर याहून सुंदर जागा किनाऱ्यावर शोधायला लागेल. मे महिन्यात मात्र इथे लग्न ठरवू नये. उकाडा असतो, विहिरींचं पाणी खाली गेलेलं असतं आणि चाकरमान्यांमुळे गाड्या आणि खोल्या दोन्ही मिळत नाहीत.

गुहागरला लग्न करण्यामागे बऱ्याच घरांचं आणखी एक कारण असतं. व्याडेश्वर इथलाच, आणि तो अनेक चित्पावन घराण्यांचा कुलस्वामी. पहिली पत्रिका देवाला आणि लग्नानंतरचं पहिलं दर्शनही तिथेच. हे ठरलेलं असेल तर त्यासाठी विधींच्या वेळापत्रकात वेगळा तासभर ठेवा. गुरुजी तो धरत नाहीत.

पोचण्याबद्दल. गुहागरला रेल्वे नाही. उतरायचं चिपळूणला, आणि चिपळूणचं स्टेशन शहराबाहेर वालोप्यात आहे. तिथून गुहागर साधारण ४५ किलोमीटर, वाट मार्गताम्हाने आणि शृंगारतळीवरून. वळणांचा रस्ता असल्यामुळे गाडीने सव्वा तास आणि एसटीने दीड तास धरा. मांडवी, कोकणकन्या आणि जनशताब्दी या तिन्ही गाड्या चिपळूणला थांबतात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणून पत्रिका छापून होण्याची वाट न बघता तारीख ठरताच पाहुण्यांना कळवा. पुण्याकडून येणाऱ्यांना पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटाने चिपळूण गाठता येतं. गाडी लागणाऱ्यांसाठी गोळ्या घाटाच्या आधी द्याव्यात, मध्यावर देऊन उपयोग होत नाही. दापोलीकडून येणाऱ्यांनी दाभोळ-धोपावे फेरीबोट धरावी, खाडीचा मोठा वळसा वाचतो. मात्र रात्री फेरी बंद होते, तेव्हा शेवटच्या फेरीची वेळ त्याच दिवशी विचारून घ्या. राहिलेली खरेदी शृंगारतळीतच उरकावी. तिथली बाजारपेठ मोठी आहे. गुहागरात फुलवाला असतो, पण ऐन वेळी वीस हार मागितले तर मिळतीलच असं नाही.

आता जागेचं माप. नारळ साधारण २५ फुटांवर लावलेले असतात, म्हणजे चार झाडांच्या मधला चौकोन २५ बाय २५ चा, सव्वासहाशे चौरस फुटांचा. वाटा सोडून अशा एका चौकोनात ६५ ते ७० खुर्च्या नीट बसतात. बोहलं आणि होमाची जागा धरून २५० माणसांना पाच चौकोन लागतात. इथे नेमके पाचच मोकळे आहेत, बाकी सगळी पोफळी. पोफळी दाट लावलेल्या असतात, त्यांच्यात खुर्च्या शिरत नाहीत. जागा बघायला जाल तेव्हा क्षेत्रफळ विचारू नका, मोकळे चौकोन मोजा.

झाडांखाली मांडव म्हटल्यावर वर बघायलाच हवं. लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी मांडवावरच्या प्रत्येक माडाचे तयार नारळ आणि सुकत आलेल्या झावळ्या उतरवून घेतल्या पाहिजेत. हे काम मालकाचं की आपलं, ते करारात लिहून घ्या. इथे ते झालं होतं, पण फक्त मांडवावरच्या झाडांचं. जेवणाकडे जाणाऱ्या वाटेवरचे दोन माड तसेच राहिले होते. कापडी छत झावळीला अडवतं, नारळाला नाही. शिपण्याचं पाणीही निदान तीन दिवस आधी बंद करायला सांगा. पाटाचं पाणी मुरलेल्या जमिनीत खुर्चीचे पाय रुततात आणि नेसत्या साड्यांच्या काठांना चिखल लागतो. खालची माती रेताड आहे, टाचेच्या चपला तिच्यात बसतात. रस्त्यावरून आत येणाऱ्या पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या उंचसखल आहेत. चालायला त्रास असलेल्या आजी-आजोबांसाठी दक्षिणेच्या बाजूने सपाट वाट आहे. एरवी ती कुलूपबंद असते, किल्ली आदल्या दिवशी मागून ठेवा.

वाऱ्याचं गणित या किनाऱ्यावर सरळ आहे. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा मंद असतो. दिवस तापला की ११-१२ च्या सुमारास खारा वारा सुटतो, दुपारी वायव्येकडून जोर धरतो आणि सूर्यास्तानंतर पडतो. म्हणून ११ च्या आतला मुहूर्त इथे सोन्यासारखा. अंतरपाट स्थिर राहतो, मंगलाष्टकं ऐकू येतात, होमाचा धूर कुणाच्या डोळ्यांत जात नाही. दुपारचा मुहूर्त असेल तर मांडवाची पश्चिम आणि उत्तर बाजू जमिनीपासून सहा फुटांपर्यंत कापडाने बंद करा आणि वरचा भाग मोकळा ठेवा. वरपासून खालपर्यंत बंद केलात तर कापड शिडासारखं फुगतं आणि बांबू हलतात. माइकला स्पंजची टोपी लागतेच. ती नसली की अष्टकांऐवजी नुसती घरघर ऐकू येते.

समुद्राकाठी फोटो सगळ्यांनाच हवे असतात, आणि तिथेच बहुतेकांची वेळ चुकते. भरतीची वेळ काढायला वेगळा तक्ता लागत नाही, पत्रिकेवरची तिथी पुरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जी वेळ येईल ती भरतीची. पंचमी असेल तर पावणेचार, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. पक्ष कुठलाही असो, हिशेब तोच, आणि दिवसा-रात्री दोन्ही वेळा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरून चाला. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या वेळी पुळण रुंद हवी असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस उत्तम, कारण भरती दुपारच्या आधी येऊन गेलेली असते आणि उधाणाची ओहोटी खूप आत जाते. अष्टमीला सूर्यास्तालाच भरती असते. ती भांगाची, म्हणजे कमी जोराची, असल्यामुळे फार वर चढत नाही, पण ओल्या वाळूचा आरसा मिळत नाही. गाडी पुळणीवर उतरवू नका. कोरडी वाळू चाक धरून ठेवते आणि भरती थांबत नाही. पाण्यात उतरणाऱ्या पाहुण्यांना, विशेषतः ओहोटी लागलेली असताना, गुडघ्याच्या पुढे जाऊ देऊ नका.

मालकाने पुळणीवरच बोहलं घालून देण्याची तयारी दाखवली तर परवानगीचा कागद बघायला मागा. भरतीच्या रेषेखालची जमीन कुणाच्या आगराचा भाग नसते आणि किनारा नियमन क्षेत्राचे नियम तात्पुरत्या मांडवालाही लागतात. कागद नसेल तर आगरातच लग्न करा, तिथे सावलीही आहे.

दिव्यांबद्दल कळकळीने सांगायचं आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा हंगाम, म्हणजे नेमका लग्नसराईचा. अंड्यांतून पिल्लं निघायला साधारण पन्नास-पंचावन्न दिवस लागतात आणि बाहेर आलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं. अंधारात सर्वांत उजळ समुद्र दिसावा ही निसर्गाची सोय असते. किनाऱ्याकडे तोंड केलेला एक हॅलोजन ती मोडतो आणि पिल्लं आगराकडे वळतात. मादीही उजेड पाहून अंडी न घालता परत फिरते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचं नाव आहे. मागच्या बाजूचे सगळे दिवे जमिनीकडे वळवलेले आणि पिवळे ठेवायला सांगा, सुरूच्या बनापलीकडे फटाके आणि लेझर नकोतच. या जागेत मागच्या बेड्यावर पांढरा फ्लडलाइट होता. सांगितल्यावर बंद केला, पण तो आधीच नसायला हवा होता. ध्वनिक्षेपक तर कायद्यानेच रात्री १० ला बंद होतात. म्हणून संगीताचा कार्यक्रम साडेसहाला सुरू करा.

जेवण हा या जागेचा खरा मान. केळीच्या पानावर पंगत होती. तीन माणसांना एक सहा फुटी टेबल, अशी २८ टेबलं, म्हणजे एका पंगतीला ८४ पानं. पंगत उठायला ४५ मिनिटं लागतात, टेबल पुसून पानं मांडायला आणखी दहा. तीन पंगतींना पावणेतीन तास. १२ ला पहिली बसली तरच पावणेतीनला तिसरी उठून टेबलं मोकळी होतात. गुरुजी, करवल्या आणि आई-वडील नेहमी शेवटच्या पंगतीत येतात, त्यांच्यासाठी मोदक आधीच वेगळे काढून ठेवायला सांगा.

२५० पानांना दोनप्रमाणे ५०० उकडीचे मोदक झाले. त्याला साधारण आठ किलो पिठी आणि तीस नारळ लागतात, आणि हात बसलेल्या पाच बायकांना वळायला दोन-अडीच तास. एकदम सगळे उकडले तर तिसऱ्या पंगतीला पाकळ्या सुकून तडकतात. वळून ओल्या फडक्याखाली ठेवायचे आणि पंगतीगणिक उकडायचे, हे आचाऱ्याला आधी सांगून ठेवा. सोलकढी माणशी २०० मिलिलिटर धरली की ५० लिटर होते. पहिलं-दुसरं दूध मिळून मध्यम नारळाला लिटरभर धरा, म्हणजे ५० नारळ. नारळाचं दूध गरम हवेत चार-पाच तासांत आंबतं, आणि कोकमाचं आगळ आधीच घालून ठेवलं तर कढी फाटते. दूध पहिल्या पंगतीच्या तासभर आधी काढायचं, बर्फात ठेवायचं, आगळ वाढायच्या वेळी. इथे पहिल्या दोन पंगतींना कढी उत्तम होती, तिसरीला पाणी सुटलेलं होतं. कारण हेच, सगळी एकदम कालवून ठेवलेली. अळूचं फदफदं, काळ्या वाटाण्याची उसळ, मसालेभात आणि मठ्ठा यांत नाव ठेवायला जागा नव्हती. डिसेंबरच्या मेन्यूत ओल्या काजूची उसळ लिहिलेली दिसली तर ते भिजवलेले सुके काजू असतात. ओले काजू फेब्रुवारीच्या अखेरीपासून. तसाच डिसेंबरातला आमरस डब्यातला.

वीज आणि पाणी करारात आकड्यांनी लिहून घ्या. हॉलमध्ये दीड टनाचे सहा एसी आहेत, ते, दिवे, पंखे आणि साउंड मिळून १८ किलोवॉटच्या आसपास भार जातो. सुरू होताना एसी जास्त ओढतात, म्हणून २५ केव्हीएचा जनरेटर कमी पडतो, ४० चा हवा. डिझेल कुणाचं, तासाने की लिटरने, हेही ठरवा. वधूच्या खोलीत सगळे सॉकेट साधे आहेत. दोन हेअर ड्रायर आणि इस्त्री एकदम लावली की फ्यूज जातो, आणि तो शोधायला नेमका माणूस नसतो. १६ अँपिअरचे दोन पॉइंट मागा. आरसा खिडकीसमोर आहे, सकाळी तोंडावर छान उजेड येतो. नऊवारी नेसवायला मात्र खोली अरुंद, त्यासाठी माजघर घ्यावं. स्त्रियांसाठी तीनच स्वच्छतागृहं आहेत, २५० च्या लग्नाला ती कमी पडली.

डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊनंतर दंव पडायला लागतं. उघड्यावर मांडलेल्या खुर्च्यांची आवरणं पहाटे पिळून निघतील इतकी भिजतात आणि जमिनीवरचे वायरचे जोड शॉर्ट होतात. आवरणं सकाळी साडेसातनंतर चढवा, जोड विटांवर उचलून प्लास्टिकने बांधा. डास संध्याकाळी सहा ते आठ फार, कारण आगर ओलं. पायाशी वारा येईल असे उभे पंखे लावले तर बराच फरक पडतो.

खोल्या जागेवर आठच आहेत, बाकीची सोय आजूबाजूच्या घरगुती निवासांत. बहुतेकांची खोली सोडायची वेळ सकाळी दहा, म्हणजे नेमकी मुहूर्ताची. संध्याकाळपर्यंत सामान ठेवायला एक कुलपाची खोली मागून घ्या, आणि परतीच्या गाड्या चिपळूणला रात्रीच्या असतील तर गुहागरहून निघताना दोन तास हाताशी ठेवा.