ताईच्या रक्तक्षयाचे कारण

आज ताईबरोबर म्हापशाहून बांबोळीच्या इस्पितळात गेले होते. वयाच्या 46व्या वर्षी तिला सिलिअक आजार असल्याचे निदान झाले. गेली अनेक वर्षे ती लोहाच्या गोळ्या घेत होती, पण हिमोग्लोबिन काही वाढत नव्हते, आणि आम्ही सगळे तो 'बायकांचा अशक्तपणा' समजून गप्प राहिलो, याचे मला फार वाईट वाटते.

गहू, जव यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे अशा रुग्णांच्या शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्यातील अन्नरस शोषणाऱ्या बारीक रसांकुरांवरच हल्ला करते, आणि लोह मुख्यतः आतड्याच्या त्याच सुरुवातीच्या भागात शोषले जात असल्यामुळे गोळ्या निरुपयोगी ठरतात. जगात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असतो, परंतु त्यांतील बहुतेकांना तो ठाऊकच नसतो. कारण प्रौढांमध्ये जुलाबांऐवजी रक्तक्षय, ठिसूळ हाडे, सततचा थकवा अशीच लक्षणे दिसू शकतात. भारतात त्याचे प्रमाण गहू खाणाऱ्या उत्तरेत जास्त आहे. आपण गोव्यातले लोक भात खाणारे खरे, पण सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोंपों ऐकू आली की पाव आणि उंडे (गोल पाव) घरात येतातच!

भावंडांनाही हा आजार असण्याची शक्यता बरीच जास्त असल्यामुळे उद्या मीही हा आजार ओळखणारी टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घेणार आहे. तोवर पाव सोडायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे, कारण ग्लूटेन आधीच बंद केले तर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.