दिसलं तेवढंच लिही

मंगळवार, रात्री पावणेबारा. भांडुप.

आज आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा रीडिंगचा अख्खा पेपर घड्याळ लावून सोडवला. तीन उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं. 29 बरोबर आले. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला 7 बँड लागतात आणि रायटिंगला 6.5. रीडिंगच्या 7 साठी साधारण 30 तरी बरोबर यायला हवेत. एकाने हुकले.

चुकलेल्या अकरांपैकी सहा एकाच प्रकारचे: 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन', म्हणजे विधान उताऱ्याप्रमाणे बरोबर, चूक की त्यात दिलेलंच नाही. उतारा मधमाश्यांचा होता. त्या कमी झाल्यात, असं पहिल्या परिच्छेदात होतं. शेतातल्या फवारणीबद्दल चौथ्यात. विधान होतं, फवारणीमुळे मधमाश्या कमी झाल्या. मी डोळे झाकून 'ट्रू' लिहिलं. उत्तर 'नॉट गिव्हन'. उतारा तीनदा वाचला तेव्हा कळलं, 'मुळे' हा शब्द त्यात कुठेच नाही. तो मी घातला.

आणि एकदम ट्रेनिंगची पहिली नाइट ड्युटी आठवली. नोट्समध्ये मी लिहिलं होतं, पेशंट शांत झोपला आहे. इन्चार्ज सिस्टरांनी ते वाचून मला बेडपाशी नेलं. "झोपलाय हे तुला कसं कळलं? डोळे मिटून पडलाय, श्वास नियमित आहे, एवढंच तुला दिसतंय ना? मग दिसलं तेवढंच लिही." नऊ वर्षं मी हे वॉर्डात रोज पाळते. कागदावर इंग्रजी उतारा आला की मात्र घाबरून मोकळ्या जागा स्वतःच भरत सुटते. उद्यापासून प्रत्येक विधान केसपेपरसारखं वाचायचं.

क्लास लावला नाही, कारण तीन शिफ्टच्या नोकरीत कुठल्याच बॅचची वेळ जमत नाही. एका ठिकाणी चौकशीला गेले होते, तर मराठी मीडियम ऐकल्याबरोबर समोरच्या बाईंनी आधी सहा महिन्यांचा बेसिक कोर्स करा म्हणून सांगितलं. माझं एक वाक्यही ऐकून घेतलं नाही. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

लिसनिंग ट्रेनमध्ये होतं. भांडुप ते परळ स्लो लोकलमध्ये 30 मिनिटांची एक टेस्ट बसते. रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात, म्हणून गर्दीतही मागे घ्यायचं नाही असं ठरवलंय. बोलणारा आधी मंगळवार म्हणतो आणि लगेच सुधारून बुधवार. तिथे आता फसत नाही. शेवटचा 'स' मात्र निसटतो. 'टिकेट्स'चं 'टिकेट' लिहिलं की उत्तर चूक.

रायटिंग स्वतःचं स्वतःला तपासता येत नाही, हीच खरी अडचण. वॉर्डात कोट्टायमची एक सहकारी आहे, तिने ही परीक्षा दिलीय. काल पहाटे चारची राउंड झाल्यावर तिने माझा टास्क टू, म्हणजे निबंध, वाचला. 250 शब्द हवेत, माझे 268 होते. त्यात 11 ठिकाणी 'द' गाळलेला. तिने प्रत्येक जागी लाल पेनाने छोटा गोल केला. मराठीत असा शब्दच नाही, त्यामुळे तो नसल्याचं माझ्या कानाला खटकत नाही. म्हणून आता लिहून झालं की फक्त 'द' आणि 'अ' शोधायला एकदा वेगळं वाचते. कल्पना चांगल्या आहेत असंही ती म्हणाली. ते वाक्य दिवसभर सोबत होतं.

जेवणानंतर स्पीकिंगचं क्यू कार्ड, म्हणजे बोलायचा विषय दिलेलं कार्ड, घेतलं. विषय, तुमच्या ओळखीची एक वयस्कर व्यक्ती. तयारीला एक मिनिट, बोलायला दोन. आजीबद्दल बोलले: गिरणीचा भोंगा, संपानंतरची वर्षं, डबे पोचवून तिने चालवलेलं घर. 'ग्रॅज्युअली'वर अडखळले. आजीच्या हातांबद्दल सांगताना शब्द होते, पण आवाजच निघेना.

आई समोर मोबाइलवर स्टॉपवॉच धरून बसली होती. इंग्रजी तिला येत नाही. मी थांबल्यावर विचारलं, कसं झालं?

"पावणेदोन मिनिटं," ती म्हणाली. "दोनदा थांबलीस. दुसऱ्यांदा जास्त वेळ."