बटण सोडलं तरी विंच थांबेना

आमचं शेत इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला आहे, आणि पावसात तिथल्या काळ्या मातीत ट्रॅक्टरसुद्धा रुतून बसतो, म्हणून दादानी एटीव्हीला (चार चाकांची, हँडलवाली छोटी गाडी) पुढे विंच, म्हणजे मोटरवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, लावून घेतलेली. मागच्या जुलैत तिचं हँडलवरचं बटण दाबलेलंच राहिलं. मी अंगठा काढला तरी दोर गुंडाळला जातोय, हूक सरकत सरकत गाडीकडे येतोय आणि दादा समोरच उभा! ओरडून त्याला बाजूला केलं, चावी बंद केली, तेव्हा कुठे थांबली. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

आमच्या बटणाला करंट चावीतून येतो. चावी बंद केल्यावर थांबली म्हणजे सोलेनॉइड (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरचा करंट चालू-बंद करणारा मोठा स्विच) चिकटलेला नव्हता, दोष बटणातच होता. घरी येऊन उघडलं तर पितळी पॉइंटवर हिरवा कळंक चढलेला आणि आतली स्प्रिंग गंजून मोडलेली.

नवं बटण घ्यायला इंदूरच्या महारानी रोडला गेलो तर दुकानदार म्हणाला, "भैया, बीस एम्पियर वाला ले जाओ, कभी नहीं जलेगा." पण इथे प्रश्न जळण्याचा नाहीच ना. मोटर जोर लावते तेव्हा १०० च्या वर अँपिअर खेचते, पण तो सगळा करंट जाड वायरींतून आणि सोलेनॉइडमधून जातो, बटणातून जातो तो फक्त सोलेनॉइडच्या कॉइलपुरता, अगदी थोडा. बटण मरतं ते पाण्यानं, चिखलानं आणि उन्हानं. म्हणून मी अँपिअर सोडून दोनच गोष्टी बघितल्या. एक, दोर आत-बाहेर करायला बटण दोन्ही बाजूंना दाबतात, तर तसं दाबून सोडलं की कट्‌कन मधे परत येतं का, हे दुकानातच पन्नासेक वेळा करून पाहिलं. दुसरं, वायर जिथून बाहेर येते तिथे रबर सील आहे की नुसतं भोक, कारण पाणी तिथूनच शिरतं. घेतलं ते आयपी ६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) वालं, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं चालतं, पण प्रेशर वॉशरची धार त्यात धरलेली नाही, त्यामुळे गाडी धुताना मी हँडलवर जेट मारू देत नाही, कोणालाच.

हँडलचा पाइप २२ मिलिमीटरचा, क्लॅम्प बरोब्बर बसला. वायर बांधायच्या आधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, जुन्या बटणाची वायर तिथेच ताणली जायची. बटणाच्या लाइनला ५ अँपिअरचा फ्यूज टाकला, जोडांवर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवली.

आणि बॅटरीजवळ विंचच्या जाड वायरीवर एक कटऑफ स्विच लावलाय, कारण उद्या सोलेनॉइडच चिकटला तर चावी बंद करून काहीही होणार नाही. तो कटऑफ मात्र अँपिअर बघूनच घ्या, त्यातून मोटरचा सगळा करंट जातो.