व्हिएन्नात उभ्यानं ऐकलेली संध्याकाळ

आज व्हिएन्नात म्युझिकफेराइनच्या सोनेरी सभागृहात जर्मन संगीतकार ब्राम्सची दुसरी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, ऐकली. तिकिटं उभ्याची, सगळ्यात मागे. पाय दुखतील म्हणून आई का-कू करत होती, पण दुसऱ्या भागात चेलोंनी सूर धरला आणि तिनं माझा हात घट्ट धरला तो शेवटपर्यंत.

१८७० सालचं हे सभागृह. छत वरून टांगलेलं, जमिनीखाली पोकळी. तंबोऱ्याच्या भोपळ्यात शिरल्यासारखंच! माइक एकही नाही, तरी कठड्यावर टेकलेल्या बोटांना खर्ज जाणवत होता. आणि ही सिंफनी १८७७ मध्ये पहिल्यांदा वाजली ती इथंच, याच भिंतींत.

ट्रामच्या थांब्यापर्यंत आई एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "उद्याची तिकिटं मिळतील का गं?"