तुम्ही विचारलंत म्हणून: काँक्रीटमध्ये काय मिसळायचं?

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे म्हटलं की हल्ली पुढचा प्रश्न ठरलेला: कार्बन कमी करायचा तर काँक्रीटमध्ये नेमकं काय मिसळायचं? जणू एखादी पुडी आहे, टाकली की झालं.

घ्या पुडी. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी), फ्लाय अॅश (कोळशावरच्या वीजकेंद्रातली राख), भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची पूड. सिमेंटची भट्टी उद्या स्वच्छ इंधनावर चालवली तरी चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड सुटणारच, आणि सिमेंटच्या उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. म्हणून क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून होणारा सिमेंटचा मूळ घटक, कमी करायचं. झालं समाधान?

माझं झालं होतं. एका इमारतीला एम-३० (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकद) काँक्रीटमध्ये घनमीटरला ३८० किलोपैकी निम्मं सिमेंट काढून स्लॅग घातला. मिक्स डिझाइन माझ्या आग्रहाचं. पहिला स्लॅब पडला आणि थंडी वाढली. स्लॅग मुळात ताकद सावकाश पकडतो, थंडीत आणखी सावकाश. हे मी इतरांना शिकवायचो. सातव्या दिवशी साइटच्याच टाकीतले क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, फोडायच्या मशीनमध्ये ठेवले. काटा २७० किलोन्यूटनवर थबकला आणि मागे फिरला. १५० मिलिमीटरचा क्यूब, म्हणजे ताकद १२. साध्या सिमेंटला तेव्हा वीसच्या आसपास यायची सवय. दुसरा क्यूब, तिसरा, तेच. ठेकेदार काही बोलला नाही, फक्त मशीनवरची धूळ पुसत राहिला. त्याला या स्लॅबखालचे टेकू वरच्या मजल्याला हवे होते.

त्या संध्याकाळी मी सही केली. पुढच्या सगळ्या मजल्यांना स्लॅग २० टक्के. घनमीटरमागे १९० किलोचं सिमेंट ३०४ वर गेलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. ५६व्या दिवशी त्याच पहिल्या स्लॅबचे राखून ठेवलेले क्यूब फोडले, तर काटा ९१० च्या पुढे. चाळीसच्या वर! तोवर पाच मजले झाले होते.

तेव्हाच्या मला सांगावंसं वाटतं, टेकू चार दिवस जास्त ठेवायचे होतेस. तो लगेच विचारतो, ते चार दिवस कोणाच्या खिशातून? आणि वरच्या ओल्या स्लॅबचा भार खालच्या कच्च्यावर आला असता, त्याचं काय? त्याचंही चुकत नाही. पण त्याने हिशेब केलाच नव्हता, तो घाबरला होता. बरं, घाबरणं हा आमच्या धंद्यात दुर्गुण आहे का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि पुडीचं एवढं कौतुक करताना आणखी एक विचारा की. २०० मिलिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला ५०० किलो भरतो. घरातली माणसं आणि सामान मिळून आम्ही धरतो साधारण २०० किलो. म्हणजे स्लॅबची बरीचशी ताकद स्वतःलाच पेलण्यात जाते. सहा मीटरचा स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, आठ केला की तेवढ्याच भाराला वाकवणारा जोर पावणेदोन पटींपेक्षा जास्त होतो, मग जाडी वाढते, वजन वाढतं, खालचे कॉलम फुगतात, पाया मोठा होतो. मोकळ्या हॉलसाठी एक कॉलम हलवला की माझ्या स्लॅगने वाचवलेलं बरंचसं तिथेच बुडतं. पण कॉलम कुठे हवेत हे मला कोणी विचारत नाही. नकाशा गोठल्यावर बोलावतात आणि मग म्हणतात, हिरवं करा.

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. १८० पुरत असताना २०० लिहिलेले स्लॅब माझ्याही खाती आहेत. कारण? पुन्हा हिशेब करायला वेळ नव्हता, इतकंच.

सध्याच्या कामात पायाच्या काँक्रीटपुढे ताकदीची मुदत ५६ दिवस लिहिली आहे, तिथे टेकू काढायची घाई नसते. स्लॅबच्या रकान्यातही तेच लिहिलं होतं. काल खोडून २८ केलं. आज सकाळी तेही खोडलं.